एक ओ द्यायला काय जातं?

बारावीची परीक्षा संपली आणि चंद्रकलाबाईनं पोरीला नागपूरहून थेट सानगडीच्या एसटीत बसवून दिलं. "बाप आहे तो तुझा. दोन महिने राहून ये," म्हणे! सहा वर्षं नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि आता म्हणे बाप आहे.

डिंपल आली ती फुगूनच. आई-बाप वेगळे झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दर रविवारी आईच्या फोनवरून बापाला फोन लावायची. रिंग जायची, जायची आणि बंद व्हायची. वर्षभरानं तिनं नाद सोडला. आता हाच बाप, तेजराम, दिवसातून दहादा विचारायचा, "चाय पेतं काय वो? पंखा लावू काय?" अरे, सहा वर्षं कुठं गेला होता तुझा पंखा! डिंपल उत्तरच द्यायची नाही.

त्या घरात राहायला एकच कारण होतं, भुपेंद्र. अड्याळचा पोट्टा, तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामासाठी शेजारी मावशीकडं आलेला. केसांना जेल, खिशात शेंगदाण्याची चिक्की, आणि "तू हासली का मले काही सुचत नाही" असली भाषा. त्याच्यापायी ही नागपूरची पोट्टी पहाटे उठून पानं तोडायला जंगलात जायला लागली. तेजराम बापडा खूश, पोरगी आपल्यासोबत येते म्हणून! घ्या.

जंगलाचा कायदा एकच. झाडाआड माणूस दिसत नाही, वाघ-अस्वल कुठं असेल सांगता येत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी हाक मारायची आणि ज्यानं त्यानं ओ द्यायची. भांडण असो, तोंडात घास असो, ओ द्यायचीच. ओ आली नाही, की पानं टाकून सगळे धावतात. तेजरामनं हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या सकाळी डिंपल आणि भुपेंद्र नाल्यापलीकडं चिक्की खात बसले होते. तेजरामची हाक आली. डिंपलनं तोंड उघडलं, तोच भुपेंद्रनं तिचा हात धरला. "ओ नको देऊ. तुझ्या बापाले समजंल ना!"

दुसरी हाक आली. तिसरी. "डिंपलऽऽ!" तिला वाटलं, ओरडू दे. रिंग जाते आणि कुणी उचलत नाही तेव्हा कसं वाटतं, कळू दे जरा.

मग सगळं जंगलच ओरडायला लागलं. बाया, म्हातारे, सगळे. कुणी डबे बडवायला लागलं. भुपेंद्रचा चेहरा उतरला. "मी जाऊन राहिलो वो. माझं नाव नको सांगू," म्हणत शहाणा चिक्कीसकट पसार झाला!

झुडपं तुडवत तेजराम आला. एका पायात चप्पल नाही, सदरा फाटलेला, हातात कुऱ्हाड. तिला धड बघून तो "भेटली रेऽऽ" म्हणून ओरडला आणि मटकन खाली बसला.

"ओ काहून नाही देली वो?" त्याला धाप लागली होती. "एक ओ द्याले काय जाते तुझं?"

"आन् तुझं काय जात होतं?" डिंपल कडाडली. "वर्षभर फोन केला मी तुले! दर रविवारी! तू देली ओ?"

तेजरामनं कुऱ्हाड खाली ठेवली. "फोन हातातच राहे माझ्या," तो म्हणाला. "कवा येशील बाबा, म्हणून विचारशील, न् म्या काय सांगू? मीच तुझ्या मायले जा म्हटलं होतं. लाज वाटे. चुकलं माझं, पोरी."

"हे तेव्हा सांगता येत नव्हतं?" डिंपलला रडू आवरेना आणि रागही जाईना. सहा वर्षांचा राग, एका 'चुकलं'नं कसा जाईल? पण त्याच्या पायात काटा मोडला होता आणि तो काढायच्या नादात त्यानं तो आणखीच आत घुसवला होता. "सरक. इकडं कर पाय!" तिनं काटा काढला. हलक्या हातानं मुळीच नाही.

परत निघाले तेव्हा ती दहा पावलं पुढं चालत होती. बोलायचं नाही असं ठरवलेलं. पण नाल्यापाशी थांबून, मागं न बघताच, तिनं हाक मारली, "बाबाऽऽ!"

"ओऽऽऽ!" तेजराम इतक्या जोरानं ओरडला की पलीकडून सगळ्या बायांनीही ओ दिली.

"दहा पावलांवर आहे मी! बहिरी नाही!" डिंपल करवादली, आणि दोन झाडं ओलांडून तिनं पुन्हा हाक मारली.