उन्हाळ्याचं पाणी

जामखेडला दवाखाना थाटून चार वर्षं झाली, तरी डॉक्टर इंदूचं मन पुण्यातच घुटमळत होतं. महिन्यातून एकदा पहाटेची एसटी धरून ती नारायण सरांच्या प्रयोगशाळेत जाई. दवाखाना सांभाळून पीएच.डी. करायची परवानगी तिनं मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. विषय नारूचा, म्हणजे पायातून बाहेर पडणाऱ्या दोऱ्यासारख्या लांब जंताचा. शेजारच्या गावात लोक बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरत. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की रोगाचं बीज पसरे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभरानं नवा नारू बाहेर पडे. ते बीज कुठल्या ऋतूत किती वाढतं, हे इंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाही. काचेवर वाकली की तिला तहानभूक आठवत नसे. पावसाळा, हिवाळा पाहून झाला. उन्हाळा तेवढा उरला होता.

बहात्तर साली फाल्गुनातच बारव तळाला गेली. त्या गावची चांगुणा लंगडत दवाखान्यात आली. घोट्यातून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला, कडेवर पोर.

"बाई, तुमी त्या पान्यात काय बगता ओ?"

"नारूचं बी."

"मंग दिसतंय न्हवं?"

"दिसतं. गाळून पीत जा."

"घरी गाळते की. पर ही पोरगी पायरीवरच वंजळीनं पिती."

दुसऱ्याच दिवशी इंदू त्या गावच्या सरपंच आप्पासाहेबांकडे गेली. "पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा."

"आन् तुमचं संशोधन? उन्हाळा जाऊ द्या की."

"उन्हाळ्यातच जास्त लागण होते, आप्पासाहेब. आत्ताच बुजवा."

आठवड्यात पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. पुण्यात सरांनी तिच्या नोंदी चाळल्या. मग म्हणाले, "केलंस ते योग्यच. पण उन्हाळ्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही, इंदू. दुसरी बारव शोध. पुन्हा पहिल्यापासून."

ती हो म्हणाली. पण पाऊस आलाच नाही. खडी फोडायच्या दुष्काळी कामांवर माणसं लोटली, हगवण पसरली, आणि पुणं राहून गेलं. नावनोंदणीची मुदतही सरली. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात नव्यानं नारू कुणालाच झाला नाही.

चुलतबहिणीच्या लग्नाला ती पुण्याला गेली, तेव्हा पाय आपसूक प्रयोगशाळेकडे वळले. खिडकीजवळच्या, इंदूच्या जुन्या टेबलाशी एक मुलगी काचेवर वाकली होती.

"कोण हवंय आपल्याला?" तिनं मान वर करून विचारलं.

"कुणी नाही. चालू द्या तुमचं," इंदू म्हणाली, आणि तरी थोडा वेळ दारातच उभी राहिली.