माऊली उंबऱ्यावर

मारियामाऊली सदेह स्वर्गात गेली, त्या सणाला बाझिल मोरँ दरवर्षी गावच्या देवळात ऑर्गनवर स्वतःची नवी रचना वाजवी, आणि दरवर्षी ती अर्ध्यावर तुटे. खाली वेदीपाशी धूप दाखवून झाला की फादर लांबेर दोरी ओढत, वर सज्जात मोरँच्या कानाशी घंटी किणकिणे, की वाजवणं थांबवून हात उचलायचे. तेही नेमकी सुरांतली माऊली ढगांपर्यंत पोचलेली असताना! पॅरिसात नाव काढायचं स्वप्न केव्हाच विरलं होतं. आपल्या सुरांनी त्या आईला एकदा तरी स्वर्गाच्या दारात नेऊन पोचवावं, एवढी आस तेवढी उरली होती.

यंदा आदल्या दिवशी तो फादरांच्या स्वयंपाकघरातच जाऊन उभा राहिला.

"फादर, उद्या घंटी नको. हात जोडतो."

"अहो मोरँ, ती माऊली तुमच्या बाजाशिवायच वर गेली होती की!" सूप भुरकत फादर म्हणाले. "आणि लोकांची बदकं चुलीवर करपतात, त्याचं काय?"

"एकदाच, फादर. शेवटपर्यंत."

"बरं बाबा. दोरीला हात लावणार नाही. झालं समाधान?"

सणाच्या सकाळी मोरँ वाजवू लागला. मागे त्याचा मदतनीस ग्रेग्वार ऑर्गनला वारा पुरवणारा भाता मारत होता. सूर हळूहळू चढले, ढग आले, मागे पडले. घंटी नाही. खाली फादर दोरीपासून दूर उभे. मोरँचे डोळे भरून आले.

आणि तिथेच सगळं फसलं. वर्षानुवर्षं त्याने जीव ओतला तो चढणीत. घंटीच्या पुढचं कोण ऐकतंय, म्हणून शेवट दरवेळी दोन ओळींत उरकलेला. यंदाही रचना लिहिताना हात त्याच सवयीने चालला होता, ते त्याला आत्ता, वाजवताना कळत होतं. सूर दाराशी घुटमळले, गोल फिरले, पुन्हा फिरले. दार काही उघडेना.

"मास्तर, अजून किती? दम लागला!" ग्रेग्वार ओरडला.

मोरँने कसेबसे शेवटचे सूर दाबले आणि हात काढले.

मिस्साची उपासना संपल्यावर त्याची बायको ओडील जिन्यापाशी थांबली होती. "वाजवलंत हो सगळं! आता तरी हसा."

"काय हसू? दारापर्यंत नेली आणि उंबऱ्यावर तिष्ठत ठेवली तिला. आणि इतकी वर्षं मी फादरांच्या नावाने बोटं मोडली!"

"चला घरी, जेवण निवतंय."

"तू हो पुढे."

तो पुन्हा वर चढला. ग्रेग्वार केव्हाच जेवायला पळाला होता, भात्यात वारा नव्हता. तरी मोरँ बाकावर बसला आणि शेवट नव्याने शोधू लागला. पट्ट्या नुसत्या खटखटत राहिल्या.