चारचा दिवा

"चारला खिडकीत दिवा दिसला की समजायचं, मी ठीक आहे. मग उगीच चौकशीला यायचं नाही, मिसेस टॅपसेल. नाही दिसला, तर मात्र यायचं. किल्ली झारीखाली असते."

हे सांगताना ऑब्री पिचफर्ड म्युरिएलबाईंकडे बघत नव्हते, त्यांच्या फाटकाच्या कडीकडे बघत होते. त्यांची बायको गेली त्या वर्षीच्या पानगळीतली ही गोष्ट. समोरासमोरच्या घरांत दोघांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, पण एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. म्युरिएलबाई "बरं" म्हणाल्या आणि लगेच आभाळाकडे वळल्या. "उद्या दव गोठणार असं दिसतंय."

"गोठू दे. त्याला काय दुसरं काम आहे?"

एवढ्यावर ठराव झाला.

कोल्डवेलच्या आळीत घरं मोजकीच, आणि त्यांतली बहुतेक शहरातल्या लोकांनी सुट्टीपुरती घेतलेली. नाताळ उरकला की ती माणसं दारं लावून जात, ती थेट उन्हाळ्यात उगवत. घर रिकामं आहे हे चोराला कळू नये म्हणून जाताना दिव्यांना टायमर लावून ठेवत. संध्याकाळ झाली की माणूस नसलेल्या खिडक्या एकेक करून उजळायच्या. पिचफर्ड म्हणत, "आली बघा भुतं घरी. आता चहाचं आधण ठेवतील."

"भुतं परवडली हो," म्युरिएलबाई म्हणत, "निदान रेडिओ तरी मोठ्यानं लावत नाहीत."

हा टोमणा पिचफर्डांनाच असे. त्यांना कमी ऐकू यायचं.

शहरची माणसं इथली शांतता पैसे मोजून घेत आणि आठवडाभरात पुरेशी झाली की निघून जात. बारा महिने राहणाऱ्यांच्या घरात मात्र ती हिवाळाभर समोर खुर्ची ओढून बसायची. शिवाय एक रीत होती. कोल्डवेलमध्ये कुणी कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नसे. माया म्हणून नव्हे, निमित्त लागतं म्हणून. मुरांब्याची बरणी, परत द्यायचं भांडं, चुकून आपल्याकडे पडलेलं पत्र. हातात काही नसताना दार वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं.

म्युरिएलबाईंचा रोजचा नेम होता. चर्चच्या घड्याळात चारचे टोले पडले की खिडकीत बसून संध्याकाळची प्रार्थना म्हणायची. नवरा गेल्यापासून तो नेम तापात चुकला नव्हता की वीज गेली तरी चुकला नव्हता. आधी एक स्तोत्र, मग नावं. आजारी असलेल्यांची, गेलेल्यांची, प्रवासात असलेल्यांची. समोर पिचफर्डांचा दिवा लागला की शेवटी त्यांचं नाव घ्यायचं आणि पुस्तक मिटायचं.

डिसेंबरात एकदा दिवा लागला नाही. म्युरिएलबाई तशाच निघाल्या, आणि पिचफर्डांच्या फाटकाशी बर्फावरून पाय सरकून खुब्यावर आपटल्या. आवाज ऐकून पिचफर्ड नुसत्या मोज्यांवर धावत बाहेर आले. खुर्चीत त्यांचा डोळा लागला होता.

"माझ्यामुळे झालं हे सगळं! सॉरी, मिसेस टॅपसेल."

"तुमची झोप मोडली मी. सॉरी."

"त्रास झाला तुम्हाला."

"छे हो, त्रास कसला!"

दोघांनी एकमेकांची इतकी माफी मागितली, की पडलं कोण आणि उचललं कुणी हेच कळेना. पण त्या दिवसापासून पिचफर्डांचा दिवा कधी चुकला नाही. चारचा ठोका आणि दिवा एकदमच. म्युरिएलबाईंना कौतुक वाटायचं. म्हातारा शिस्तीला लागला म्हणायचा.

फेब्रुवारी आला. चारला आता चांगला उजेड असायचा. त्याच सुमारास म्युरिएलबाईंच्या मनात काहीतरी खटकायला लागलं. पिचफर्ड रोज सकाळी भिंतीवर पाखरांसाठी पावाचा चुरा टाकत. तो दिसेना. रॉबिन येऊन भिंतीवर बसायचा, इकडेतिकडे बघायचा आणि उडून जायचा. कचऱ्याची गाडी येऊन गेली, तरी पिचफर्डांचा डबा वाटेतच आडवा पडून राहिला. एरवी गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत तो आत ओढणारा माणूस! टपाल टाकणाऱ्या पोरीला त्यांनी हटकलं.

"मिस्टर पिचफर्ड दिसले का गं तुला?"

"मी फटीतून पत्रं टाकते, आजी. आत कोण आहे ते फटीला विचारा," ती हसून म्हणाली आणि गाडी वळवून गेली.

म्युरिएलबाईंनी निमित्त शोधलं. जानेवारीत कडू संत्र्यांचा मुरांबा केला होता, त्यातली एक बरणी पुसून घेतली. पिचफर्डांच्या फाटकापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला. त्याच वेळी चारचे टोले पडले आणि खिडकीत दिवा लागला.

दिवा दिसला की यायचं नाही. त्यांनी कडीवरचा हात काढला. उलट स्वतःचीच लाज वाटली, काय ही आपली चोंबडी चौकशी! घरी येऊन प्रार्थना म्हटली, पिचफर्डांचं नाव घेतलं, आणि त्यांना सुखरूप ठेवल्याबद्दल देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. म्युरिएलबाई पुस्तक उघडून बसल्या होत्या. ऊन थेट समोरच्या खिडकीवर होतं. चार वाजले आणि त्या भर उन्हात दिवा लागला. लागला न लागल्यासारखाच दिसत होता. त्याच क्षणी शेजारच्या बंद घरातलाही लागला.

म्युरिएलबाई एका खिडकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. चहाची एकच पिशवी दोनदा वापरणारा माणूस. उन्हात दिवा लावेल?

स्तोत्र अर्ध्यावर राहिलं. बरणी घ्यायचंही सुचलं नाही. झारीखालून किल्ली काढली, दार उघडलं.

पिचफर्ड जिन्याच्या पायथ्याशी पडले होते. खुंटीवरचा कोट कसाबसा खाली ओढून त्यांनी अंगावर घेतला होता. वरच्या खिडकीच्या कट्ट्यावर दिवा जळत होता आणि त्याच्या वायरीला लावलेली छोटी पांढरी डबी टिकटिक करत होती. घरात दुसरा आवाज नव्हता.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" पोलीस शिपाई म्हणाला. तो भला पोरगा होता, त्यानं चहाही करून दिला. डॉक्टरांना मात्र म्युरिएलबाईंनी सरळ विचारलं.

"लगेच गेले का हो?"

डॉक्टरांनी बॅगेचा पट्टा लावला. "नाही," ते म्हणाले. "लगेच नाही."

दफनाला बरेच दिवस लागले. इथे लागतातच. नंतर गावच्या हॉलमध्ये चहा होता, हॅमची सँडविचं होती, सुक्या मेव्याचा केक होता. जो तो हलक्या आवाजात तेच म्हणत होता, स्वतःच्या घरात गेले, शांतपणे गेले, असं मरण यावं. म्युरिएलबाई बशी धरून ऐकत होत्या. कोटाचं त्या कुणाला बोलल्या नाहीत.

विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा रेजिनाल्ड जवळ आला. "डिसेंबरात माझ्याकडूनच नेला होता त्यांनी तो टायमर. म्हणाले, माझा डोळा लागतो, आणि ती बिचारी बाई बर्फातून धडपडत येते. एवढा लावून टाकला की तिला त्रास नको." तो कौतुकानं मान हलवत होता. "किती विचार करायचे हो दुसऱ्याचा!"

"हो ना," म्युरिएलबाई म्हणाल्या. त्यांनी बशी खिडकीत ठेवली.

बाहेर पडताना डिलिस प्रॉबर्टनं गाठलं. डिलिस आळीच्या वरच्या टोकाला टेकडीवर एकटी राहायची, कोंबड्या पाळायची. दोघी शाळेपासूनच्या, पण डिलिसच्या जिभेला धार, त्यामुळे अलीकडे बोलणं बेतानंच.

"काय गं, तोंड का असं? तू ढकललंस का त्याला जिन्यावरून?"

"मी फाटकापर्यंत गेले होते, डिलिस. आदल्या दिवशी. आणि परत फिरले."

डिलिसनं हातमोजा काढला. तो परत घालत म्हणाली, "मंगळवारी मीही पडले होते. कोळशाच्या खोलीपाशी. कोंबड्या जमल्या भोवती आणि बघत बसल्या. मला वाटलं, आता ह्याच टोचून खाणार. बऱ्याच वेळानं उठता आलं."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला सांगतेय की आता."

"मी येत जाईन," म्युरिएलबाई म्हणाल्या. "रोज. चार वाजता."

"कशाला? माझ्याकडे दिवाबिवा नाही हं."

"दिवा नकोच. दार वाजवीन. तू स्वतः उघडायचं."

"आणि रोज काहीतरी घेऊन येशील. तो तुझा मुरांबा नको बाई, फार गोड असतो."

"काही आणणार नाही."

"मग लोक काय म्हणतील? रिकाम्या हातानं रोज कशाला जाते ही म्हातारी?"

"म्हणू देत."

डिलिसनं नाक ओढलं. "बघू किती दिवस टिकतंय ते. वचन देतेस का?"

"दिलं."

पिचफर्डांचा पुतण्या त्याच संध्याकाळी घर बघायला आला आणि लगेच गेला. घर विकलं जाईपर्यंत दिवा राहू दे, म्हणाला. कुणी राहत असल्यासारखं वाटेल.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला म्युरिएलबाईंनी सवयीनं फडताळ उघडलं. मुरांब्याची बरणी हातात आली. क्षणभर धरली आणि परत आत ठेवली. प्रार्थनेचं पुस्तक खिडकीत नेहमीच्या जागी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते वेळेवर उघडलं नाही. परत आल्यावर म्हणू, देव थांबेल, असं त्या मनाशी म्हणाल्या. गमबूट चढवले, काठी घेतली.

टोले पडू लागले तेव्हा त्या फाटकाची कडी लावत होत्या. समोर दिवा लागला असणार. म्युरिएलबाईंनी मान वर केली नाही. मोकळा हात कोटाच्या खिशात घातला आणि त्या टेकडीची वाट चढू लागल्या.