बेबीसाठी मुशी

उर्मिलेने मोरळीचं पातं उभं केलं, पाट पायाखाली दाबला, शार्कच्या जातीची ती मुशी पोटाकडून उलटी केली आणि गॅलरीतल्या गर्दीकडे पाठ फिरवली. बाहेर तिचा नवरा तीच हकीकत तिसऱ्यांदा सांगत होता. वाळकेश्वराचे खडक, कोमट उथळ पाणी, जेमतेम कमरेएवढं, आणि गळाला असा हिसका की रीळ बोटांत करकरलं.

"अडीच हात!" श्यामकांत म्हणाला.

"मघाशी दोन होती," समोरच्या खोलीतले अण्णा म्हणाले. "मेल्यावर वाढतेय वाटतं."

सगळे हसले. उर्मिला हसली नाही. सकाळपासून ती जिन्याशी किती वेळा जाऊन उभी राहिली होती, ते तिचं तिला माहीत. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून चार दिवस शहर पेटलेलं, परवा नाक्यावर गोळीबार झालेला, दिवसाची संचारबंदी आज कुठे उठलेली. आणि सॉलिसिटरच्या ऑफिसातला हा कारकून विलायती गळाची काठी खांद्यावर टाकून निघाला होता.

"अहो, लांबून ती काठी बंदुकीसारखी दिसते," ती म्हणाली होती.

"मग पोलीसच घाबरतील," असं म्हणून तो जिना उतरला होता. वर आणखी, "तुझ्यासाठीच जातोय गं!"

त्या शब्दांनी तिचं डोकं उठलं होतं. सहा वर्षं हा माणूस दर रविवारी स्वतःच्या हौसेसाठी गेला, आणि आता म्हणे तिच्यासाठी. सासूबाईंनी सांगितलं, बाळंतिणीला मुशीचं कालवण घातलं की दूध येतं. कोळणी चार दिवस वाडीत फिरकल्या नव्हत्या. मग मुशी धरायला जायचं ठरलं, आणि ती का धरायची हे अण्णांना सांगणं आलं, खालच्या शकूमावशींना सांगणं आलं. बी.ए. झालेल्या उर्मिलेला दूध पुरत नाही, हे आता दोन्ही मजल्यांना ठाऊक होतं. काल शकूमावशींनी आधी तिच्या छातीकडे बघितलं आणि मग विचारलं, "कशी आहेस गं?"

पाळण्यात बेबी कुरकुरली. ते रडणंही नव्हतं आता. दमलेला, बारीक आवाज. सकाळी अर्धा तास ओढून ओढून तिने तोंड फिरवलं होतं.

"चीर गं लवकर," शेगडीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आधण आलंय."

उर्मिलेने चिरलं. पोट उघडलं तशी आत एक गुळगुळीत पिशवी लागली. आतडं असेल म्हणून तिने बोट घातलं, तर आत काहीतरी हललं. मग टीचभर मुशीच घसरून मोरळीच्या पाटावर आली. डोळे, पर, शेपटी, सगळं जागच्या जागी. मागोमाग दुसरं पिल्लू. एकंदर पाच. प्रत्येकाच्या पोटाला नाळ होती.

"अगोबाई, गाभण होती होय!" सासूबाई वाकल्या. "टाक बाजूला. मांजराला होतील."

उर्मिलेचा हात तसाच राहिला. एका पिल्लाचे कल्ले उघडले, मिटले. तिने एकेक नाळ मोरळीवर कापली.

"अहो! आत या."

श्यामकांत ओठांवरचं हसू तसंच घेऊन आला आणि थबकला. "मला काय माहीत, आत..."

"आमिषाच्या कोळंबीची बालदी कुठाय? पाणी समुद्राचंच ना?"

"हो, पण..."

"घ्या. चला."

"आत्ता? बाहेर पोलीस आहेत."

"सकाळी सुट्टीवर होते वाटतं?" तिने पिल्लं बालदीत सोडली. "आई, बेबीला घ्या. आलेच मी."

चौपाटीवर चिटपाखरू नव्हतं. लांब पोलिसांची एक गाडी तेवढी उभी होती. तो काठावरच थांबला. साडी वर खोचून ती गुडघाभर पाण्यात गेली आणि बालदी कलती केली. तीन पिल्लं लगेच दिसेनाशी झाली. चौथं तळाशी पडून राहिलं, ते उठलंच नाही. पाचवं उलटं तरंगत होतं. तिने ते सुलटं केलं, खाली ओंजळ धरली आणि वाट बघत राहिली. लाटा येत होत्या, जात होत्या. मग ओंजळीत एक बारीक झटका बसला आणि ओंजळ रिकामी झाली.

ती सरळ उभी राहिली, तोच छातीत दोन्हीकडे सुया टोचल्यासारखं झालं. तिने खाली बघितलं. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं. पोलकं मात्र पुढून भिजलं होतं.

तिने पदर ओढून घेतला आणि झपझप चालू लागली. "अगं, काय झालं?" म्हणत रिकामी बालदी घेऊन श्यामकांत मागे धावला.

घरी येताच तिने कोपऱ्यात बसून बेबीला पदराखाली घेतलं. थोड्याच वेळात खोलीभर घोटांचा आवाज ऐकू येऊ लागला. कालवणाला अजून उकळीसुद्धा फुटली नव्हती. सासूबाई पळी हातात घेऊन बघत राहिल्या.

"बघितलंस? मुशी नुसती घरात आली तर हा गुण!" असं म्हणत त्या गॅलरीत सांगायला गेल्याही.

श्यामकांत दारात उभा होता. रीळ बोटाने उगाच फिरवत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मग पुढच्या रविवारी..."

उर्मिलेला बरंच बोलायचं होतं. पण बेबीने मूठ तिच्या पोलक्यात घट्ट रुतवली होती.

"जायचंच असेल तर," ती दमून म्हणाली, "नर बघून आणा."