ओर्बिनबुवा उठले

मंजिरीने एकदम तीन पानं उलटली.

"एक पान एवढं वाजत नाही गं," पलंगावरून नाना म्हणाले.

"चिकटली होती, नाना."

"हं. चल, वाच पुढे."

काचबिंदूने नानांची नजर गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. इंदूरपासून धार-देवासपर्यंत देवळादेवळांतून चाळीस वर्षं कीर्तनं केलेला माणूस. गोष्टीवाचून त्यांची संध्याकाळ सरेना. पोथ्या तर पाठच होत्या. तेव्हा सुनेने, मंजिरीने, सहज आपलं पुस्तक काढलं होतं. सात खंडांची इंग्रजी अद्भुतकथा. राजे, जादूगार, ड्रॅगन, सगळा सरंजाम. ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास ती डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडाने मराठी सांगायची. नाना ऐकायचे आणि मत दिल्याशिवाय राहायचे नाहीत.

"हा ड्रॅगन सोन्यावर बसतो कशाला? ना खातो, ना अंगावर घालतो. सराफ्यातला शेठजी आहे का?"

चौथ्या खंडाच्या वेळी म्हणाले, "तुझ्या लेखकाचा पूर्वरंगच आटपत नाही. अरे भल्या माणसा, आख्यान लाव की आता!"

मंजिरीलाही ते पटत होतं. कॉलेजात याच पुस्तकांपायी ती जेवायचं विसरायची. आता प्रत्येक खंडात नवा नकाशा, नवं घराणं, नवा शाप. भंवरकुआंच्या गर्दीतून स्कूटी काढून घरी यायचं आणि पुन्हा कुणाचा तरी राज्याभिषेक वाचायचा. पण तिचा खरा थकवा निराळाच होता.

ओर्बिन तिसऱ्या खंडातच मेला होता.

म्हातारा मशालजी. सैन्याच्या पुढे मशाल घेऊन गात चालणारा. नानांनी पहिल्याच दिवशी त्याला बुवा करून टाकलं होतं. "हा आपल्यातला," ते म्हणाले होते. त्याच्या मरणाचं पान आलं, तेव्हा वसुधाबाईंचा तेरावा होऊन चारच दिवस झाले होते. नानांच्या मागे उभं राहून चाळीस वर्षं झांज धरलेली त्यांची बायको. मंजिरीने वाचलं, ओर्बिन बर्फात कोसळला. आणि तोंडाने म्हणाली, "ओर्बिनबुवा जरा बसले, पाणी प्यायले आणि उठले."

तेव्हापासून ती त्याला जगवत होती. लढाईत त्याला कडेला उभं करायचं, दरबारात कोपऱ्यात बसवायचं, अधूनमधून एखादं वाक्य द्यायचं. आता सहाव्या खंडात मात्र लेखकाने गाठलंच. तीन पानं टाळूनही पुढच्या पानावर अख्खं सैन्य ओर्बिनच्या समाधीपाशी माना खाली घालून उभं होतं.

तिने डोळे चोळले.

"सैन्य थांबलं. ओर्बिनबुवा... बुवा पाणी प्यायले."

नाना हसले. "फार पाणी पितो गं तुझा बुवा."

मंजिरीने पुस्तक मिटलं.

"पितो, उठतो, चालतो. पण गात नाही. तीन खंड झाले, एक ओळ नाही. मशाल विझली तरी गाणारा माणूस तो."

"तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"मीही केलंय हे. सिमरोलला एकदा कीर्तनात पुढ्यातच एक बाई बसली होती, महिन्यापूर्वी तिचं लेकरू गेलेलं. मी आख्यानातलं मूल मारलंच नाही. उठवून बसवलं. स्वतःवर काय खूश होतो! आरतीनंतर ती पाया पडायला आली. म्हणाली, महाराज, मी रडायला आले होते."

नानांनी पांघरुणाची कड सारखी केली.

"तिसरा खंड आण."

"नाना, आज राहू दे ना. दमलेय मी."

"मीही दमलोय. आण."

तिने आणला. पान शोधावं लागलं नाही. तिथेच खूण राहून गेली होती. या वेळी तिने काही गाळलं नाही. बर्फ, मशालीचा धूर, आणि म्हाताऱ्याच्या ओठांवर अर्धंच राहिलेलं कडवं. तिचा आवाज दोनदा अडला. नानांनी "पुढे" म्हटलं नाही. थांबून राहिले.

वाचून झालं. नाना उठून बसले. भिंतीवर हात फिरवत खुंटीपर्यंत गेले. तिथे वर्षभर कुणी हात न लावलेली कापडी पिशवी होती. गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मंजिरी मदतीला उठली नाही. पिशवीतली झांज काढून त्यांनी अंदाजाने तिच्या मांडीवर ठेवली.

"मला येत नाही, नाना."

"मला तरी कुठे दिसतंय? अर्धं राहिलेलं कडवं मी म्हणतो. तू माझ्या मागे उभी राहा."

नानांनी खाकरून घसा मोकळा केला. वर्षभरात न लागलेला सूर पहिल्यांदा फाटका लागला, मग जरा सावरला.

मंजिरीचा पहिला ठोका चुकला. नाना गाता गाता थांबले, मान किंचित मागे वळवली, आणि तिच्यासाठी ओळ पुन्हा घेतली.