कुंडात फुटलेला भाव

आमच्या केटिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. इंटरनेट नवीन आलं तेव्हा मी विणलेले स्वेटर जगभर विकायचे म्हणून त्यानं आपल्या आइसलँडच्या भाषेतला 'लोकर' हा शब्द वेबसाइटसाठी स्वतःच्या नावावर नोंदवून टाकला. स्वेटर विकले गेले तीन, त्यातले दोन माझ्या बहिणीनं घेतले. आता रेक्याविकच्या एका कंपनीला तेच डोमेन हवं होतं. त्यांचा माणूस अकराला यायचा होता, आणि किती मागायचं यावरून आमची आठवडाभर जुंपली होती. छप्पर गळत होतं, त्याला वीस लाख क्रोना लागणार होते. केटिल म्हणे, मग वीसच मागू. मी म्हटलं, मागतानाच एवढा लाजलास तर तो दहावर आणून ठेवील.

त्या सकाळी मी नेहमीसारखी तरणतलावावर गेले आणि साबणानं अंघोळ उरकून गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसले. सगळ्या गावच्या खबरी तिथेच कळतात, आणि कुंडातलं बोलणं कुंडातच राहतं. थोड्या वेळानं एक अनोळखी पोरगा येऊन बसला. गरम पाण्यात माणसाची जीभ सैल होतेच, याचीही झाली. म्हणाला, इथल्या एका म्हाताऱ्याकडून वेबसाइटचं नाव घ्यायचंय. दुकानांच्या पाट्यासुद्धा रंगवून झाल्यात, साहेबांनी चाळीस लाखांपर्यंत मोकळीक दिलीय, पण मी पंधरातच गुंडाळतो बघा. कुंडातली आम्हा गावकऱ्यांची चारही डोकी एकदम डोंगराकडे बघायला लागली. मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

घरी जाता जाता मी मनातल्या मनात अंगणात काचेची खोली बांधली आणि तिच्यात टोमॅटोही लावले. केटिल आधी ऐकेना. कुंडातलं बाहेर काढायचं नसतं, म्हणाला. शेवटी डोकं खाऊन खाऊन त्याला चाळीसवर आणलं.

अकराला तोच पोरगा, सिंद्री नाव त्याचं, दारात बूट काढून आत आला. केटिलनं घसा खाकरून, छताकडे बघत, "चाळीस लाख" सांगून टाकलं. तेवढ्यात मी पॅनकेक घेऊन बाहेर आले. सिंद्रीनं माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या केसांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मघाशी कुंडात तुम्ही..."

"होते," मी म्हटलं.

"मग आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही," असं म्हणून त्यानं मुकाट्यानं पेन काढलं.

मेला भांडला असता तर मी पन्नास मागितले असते. पण तो भांडलाच नाही. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. इतकी वर्षं मीही त्याच पाण्यात बसून तोंडाचा पट्टा चालवलाय.

"वीस," मी म्हटलं. "केटिलचं काही ऐकू नकोस. वीस."

सह्या झाल्या. पोरगा चार पॅनकेक हाणून, माझा हात दाबून निघून गेला. दार लागताच केटिल उसळला.

"सकाळपासून चाळीस चाळीस करून माझा जीव खाल्लास, आणि हे काय?"

"आज मी त्याचं बाहेर काढलं, तर उद्या माझंही बाहेर येईल," मी म्हटलं. "मी काय तिथे नुसती पाण्याकडे बघत बसते?"

हे त्याला पटलं. त्यानं मान डोलावली, कॉफी ओतून घेतली, साखर घातली, आणि ढवळता ढवळता हात थांबला.

"हिल्डिगुन्नुर," तो म्हणाला, "तुझं म्हणजे नक्की कुणाबद्दलचं?"