मिसेस लिनच्या गावची चाल

माझे दीर चंद्रहास फार गोड मेंडोलिन वाजवतात, हे गेल्या वर्षापर्यंत फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला, मोहनला, ठाऊक होतं. कारण भाऊजी वाजवायचे आमच्या गॅरेजमध्ये, दार लावून, आणि तेही वॉशिंग मशीन चालू असताना.

वय अडतीस. दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. ख्राइस्टचर्चच्या दक्षिणेला दीड तासावर आमचं गाव आहे. एकच मोठा रस्ता, त्यावर मी काम करते ती लायब्ररी, एक फार्मसी आणि मिसेस लिनची डेअरी. डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पण पुण्याहून नवे नवे आलेले भाऊजी तिथे पातेलं घेऊन गेले होते. मिसेस लिननी ते पातेलं निरखून पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि परत दिलं.

मिसेस लिन मूळच्या तैवानच्या. जुलैतल्या थंडीत मी लायब्ररीत रविवारी दुपारी सिनेमे दाखवायला लागले, तेव्हा त्यांनी तिकडचा एक आणून दिला. म्हणाल्या, "विनोदी आहे, प्रेमाचा आहे, आणि कोणी मरत नाही." चौदा माणसं आली. सबटायटल्स काही केल्या दिसेनात. मग मिसेस लिनच पडद्याशेजारी खुर्ची टाकून सांगायला बसल्या. समुद्रकाठचं लहानसं गाव. तिथला न्हावी, बस चालवणारे एक आजोबा आणि दातांची डॉक्टरीण मिळून बँड काढतात. धड कोणालाच वाजवता येत नाही. न्हाव्याचं डॉक्टरणीवर प्रेम बसतं, पण तो बोलत नाही, नुसते तिचे केस फुकट कापून देतो. इथवर आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दुकान उघडायला निघून गेल्या. उरलेला सिनेमा आम्ही अंदाजाने पाहिला.

माझ्या आणि भाऊजींच्या पुढच्या रांगेत विनया होती. ऑकलंडहून आमच्या फार्मसीत नुकतीच आलेली फार्मसिस्ट, मूळची नाशिकची, वय छत्तीस. घटस्फोट झालाय हे ती पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगून टाकते, म्हणजे लोकांना चाचपडत बसावं लागत नाही. दिवे लागल्यावर ती मागे वळून म्हणाली, "शेवटी नाहीच म्हणाली ना ती त्याला?"

"हो म्हणाली," भाऊजी म्हणाले.

"कशावरून?"

"तिने त्याला छत्री दिली. नाही म्हणायचं असेल तर कोण छत्री देतं?"

"मी दिली असती. पाऊस होता."

भाऊजी खुर्च्या आवरायला लागले. पण परक्या बाईशी ते सलग तीन वाक्यं बोलले होते, हे मी मनात टिपून ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये आमच्या गावाचा शो असतो. मेंढ्या, घोडे, जॅमच्या बरण्या, सगळ्यांच्या स्पर्धा आणि दुपारी नाच. नाचाला वाजवणारा बँड दरवर्षी ख्राइस्टचर्चहून यायचा. गेल्या वर्षी त्यांनी कळवलं की आता वय झालं, जमणार नाही. गावातल्या हौशी वादकांनी नावं द्यावीत, अशी चिठ्ठी लायब्ररीच्या फळ्यावर लागली. पहिलं नाव मिसेस लिनचं, अकॉर्डियन. दुसरं बॅरीचं, ड्रम. बॅरी म्हणजे चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कापून निवृत्त झालेला माणूस. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', एवढंच असतं. तिसरं नाव विनयाचं, गाणं. चौथं मी लिहिलं, मेंडोलिन.

"वहिनी, हा काय आचरटपणा?"

"खोडायचं असेल तर स्वतः येऊन खोडा. विनया दुपारच्या सुट्टीत त्या फळ्यासमोरच डबा खाते."

भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. फळ्यासमोर उभे राहिले. विनयाने डब्यातली पुरी पुढे केली, ती त्यांनी खाल्ली आणि खोडाखोड न करता कारखान्यात परत गेले.

दर रविवारी सकाळी तालीम सुरू झाली. कागद सांभाळणं आणि चहा करणं माझ्याकडे होतं. बॅरी सगळी गाणी एकाच लयीत वाजवायचा, प्रेमाचीसुद्धा. विनया नाशिकला बारा वर्षं शास्त्रीय शिकलेली, त्यामुळे दर दोन ओळींना थांबायची. "चंद्रहास, तुमचं मेंडोलिन माझ्या मागून येतंय. बरोबर या ना." भाऊजी मान डोलवायचे, पुन्हा तिच्याकडे बघत बसायचे आणि पुन्हा मागून यायचे.

"वहिनी, त्यांना विचारा ना, पट्टी खाली घेऊ का?"

"त्या तीन फुटांवर उभ्या आहेत, भाऊजी."

सप्टेंबरमध्ये एकदा गॅरेजमधून नवीनच चाल ऐकू आली. मशीन बंद होतं. सुरुवातीला मेंडोलिन एकटंच थोडं पुढे जायचं, थांबायचं, जणू कोणाची तरी वाट बघायचं, आणि मग चाल उलगडायची. मी हातातले कपडे तसेच धरून उभी राहिले.

"कुणाची हो?"

"अशीच."

"विनयाला ऐकवा."

"आवडली नाही तर तोंडावर सांगेल ती."

"सांगेलच."

पुढच्या रविवारी मिसेस लिननी तालमीत जाहीर केलं की त्यांच्या गावची एक जुनी चाल त्यांना आठवली आहे आणि ती चंद्रहासने बसवली आहे. मी भाऊजींकडे पाहिलं. ते आधीच सुरात असलेल्या तारा पुन्हा सुरात लावत होते. हा कट डेअरीत, पाव घेताना शिजला होता.

चाल ऐकून विनया चक्क खाली बसली. "आणखी एकदा," म्हणाली. मग मिसेस लिनना विचारलं, "याचे शब्द काय आहेत?"

एवढी तयारी मिसेस लिननी केली नव्हती. "बदकं," त्या म्हणाल्या. "बदकं नदी ओलांडतात."

त्याच्या पुढच्या रविवारी शब्द विचारले तेव्हा गाण्यात नवरी माहेरी निघाली होती. तिसऱ्या खेपेला भाताची लावणी चालू होती. "बराच मजकूर दिसतो या गाण्यात," विनया म्हणाली आणि शेवटी तिने स्वतःच मराठीत चार ओळी लिहिल्या.

शोच्या दिवशी आमच्याकडचा तो गरम, कोरडा वारा सुटला होता. तंबूंचे पडदे फडफडत होते. मिसेस लिनची थोरली बहीण तैवानहून महिनाभरासाठी आली होती, ती चहाच्या तंबूत एकटी बसलेली पाहून विनया तिच्याशेजारी जाऊन बसली. माझ्यादेखत तिने ती चाल गुणगुणून दाखवली, तुमच्या गावची म्हणून. बहिणीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान आहे. पण हे आमच्या गावचं नाही."

"फार जुनं आहे म्हणे."

"मी बहात्तर वर्षांची आहे," बहीण म्हणाली. "किती जुनं?"

विनया उठली ती थेट स्टेजमागे. मीही मागोमाग गेले. जायला नको होतं, पण गेले. तिचा चेहरा पाहताच मिसेस लिन "जरा दुकान बघून येते" म्हणून सटकल्या. दुकान त्या दिवशी बंद होतं.

"चाल कोणाची आहे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनींना नाही विचारलं मी."

"माझी."

"मग खोटं का सांगितलंत?"

"तुम्हाला आवडली नसती तर... दोष मिसेस लिनच्या गावाला गेला असता."

"दीड महिना मी त्या बदकांचा विचार करतेय, चंद्रहास! आणि सुरुवातीला मेंडोलिन एकटंच वाजतं, ते कशासाठी?"

भाऊजींनी खाली पाहिलं. "तुम्ही नेहमी म्हणता, मी मागून येतो. म्हटलं, एकदा आधी जाऊन थांबून बघावं."

विनया काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात माइकवरून बँडचं नाव पुकारलं गेलं आणि बॅरी दोघांच्या मधून ड्रमच्या काठ्या घेऊन वर चढला.

त्या गाण्याची पाळी शेवटी आली. विनया माइकवर म्हणाली, "ही चाल मिसेस लिनच्या गावची नाही. ती आमच्या चंद्रहासची आहे." 'आमच्या' हा शब्द मोहनने आणि मी एकदमच ऐकला. भाऊजी घाबरून दुप्पट वेगात सुटले. आयुष्यात पहिल्यांदा बॅरीला लय बदलावी लागली, आणि आश्चर्य म्हणजे त्याने ती बदलली. वाऱ्याने कागद उडवले, विनया तिसरी ओळ विसरली, तिने दुसरीच पुन्हा गायली. मराठी कळणारे समोर आम्ही दोघंच होतो. बाकीचा गाव गमबूट घालून नाचत होता.

खाली उतरल्यावर भाऊजी घाम पुसत तिच्यासमोर उभे राहिले. ती म्हणाली, "मी रागावले आहे. चार दिवस रागावणार आहे." आणि गाडीत बसून निघून गेली.

ते चार दिवस आमच्या घरात भाजीला मीठ आहे की नाही, हे भाऊजींना कळत नव्हतं. पाचव्या दिवशी काय झालं, ते मला नंतर विनयाने सांगितलं. भाऊजी फार्मसीत आले, रांगेत उभे राहिले, समोर एका आजींच्या गोळ्या मोजून होईपर्यंत थांबले.

"काय होतंय तुम्हाला?" विनयाने विचारलं.

"काही नाही. आज पाचवा दिवस आहे."

तिने मागच्या माणसाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "साडेपाचला बंद होतं. नदीकडे फिरायला जाऊ. पण घाई नाही हं. एकदा करून पाहिलीय मी घाई."

"मला घाई जमतच नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "जा आता, रांग अडलीय."

मग उन्हाळाभर ती दोघं नदीकाठी फिरली. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते मला कळलं नाही, आणि विचारलं तरी भाऊजी सांगणार नव्हते. फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, आमच्याच घरी, आणि एप्रिलमध्ये लग्न करतोय म्हणून सांगितलं. मोहनला ठसका लागला. मी नुसती बघत राहिले, कारण भाऊजींनी ते वाक्य स्वतः उच्चारलं होतं, माझ्याकडे न बघता.

परवा नाशिकहून विनयाच्या आईचा फोन आला. नोकरी, तब्येत, पगार, सगळं विचारून झालं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनीताताई, एक स्पष्टच सांगते. आमची विनया जरा तापट आहे. माहीत आहे ना त्यांना?"

मी स्वयंपाकघरात डोकावले. विनया भाऊजींना सांगत होती की थालीपिठाचा कांदा असा चिरत नाहीत, असा कोणीच कुठेच चिरत नाही. भाऊजी डोळे पुसत मान डोलवत होते आणि कांदा तसाच चिरत होते. चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या कधी पाहिला नव्हता.

"माहीत आहे, काकू," मी म्हटलं. "चांगलंच माहीत आहे."